रक्तगट, साथीचा ताप आणि आपण बायका

आज आम्ही बोलणार आहोत रक्तगटाबद्दल. २०२० च्या उन्हाळ्यात सगळे घरात बसलो होतो, तेव्हा मोबाइलवर एकच गोष्ट घरोघर फिरत होती: ओ गटाला करोना होत नाही, ए गटाला मात्र सोडत नाही. आमच्या प्रताप नगरातही गच्चीवरून, फाटकातून हीच विचारपूस चाले, ‘तुमचा गट कोणता हो?’ ज्यांचा गट ओ, त्यांचा जीव भांड्यात पडे. ज्यांचा ए, त्या गप्प होत. या बोलण्यात खरं किती होतं आणि ते आलं कुठून, हे समजायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

व्हिएन्ना शहरात कार्ल लँडस्टायनर नावाचे डॉक्टर होते. एकाचं रक्त दुसऱ्याला दिलं की कधी रोगी वाचे, कधी दगावे. असं का, ते कोणाला सांगता येत नव्हतं. लँडस्टायनर यांनी प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून पाहिलं. काही जोड्यांत ते नीट मिसळलं, काहींत त्याच्या गुठळ्या झाल्या. १९०१ मध्ये त्यांनी माणसांचे तीन गट सांगितले, पुढच्याच वर्षी चौथा सापडला. हेच आपले ए, बी, एबी आणि ओ. १९३० मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

गट म्हणजे तरी काय? रक्तातल्या तांबड्या पेशींवर साखरेच्या जातीचे बारीक रेणू असतात. एका प्रकारचे असले तर ए, दुसऱ्या प्रकारचे असले तर बी, दोन्ही असले तर एबी आणि दोन्ही नसले तर ओ. जे आपल्या पेशींवर नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात तयार असतात. म्हणजे ओ गटाच्या बाईच्या रक्तात ए आणि बी या दोघांविरुद्धचे पहारेकरी असतात. हे पहारेकरी लक्षात ठेवा, पुढं त्यांचं काम आहे.

आता येऊ १९१८ सालाकडे. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जून महिन्यात मुंबई बंदरातून इन्फ्लुएन्झाची साथ देशात शिरली आणि रेल्वेच्या वाटेनं आत पसरली. नागपूर रेल्वेचं मोठं ठाणं. पावसानं त्या वर्षी दगा दिला होता, धान्य महागलं होतं. पावसाळा सरता सरता आलेली दुसरी लाट भयंकर होती. मध्यप्रांत आणि वऱ्हाड, म्हणजे आपलाच मुलूख, देशात सर्वांत जास्त माणसं गमावलेल्या भागांपैकी एक होता. ताप कशानं येतो हेही तेव्हा माहीत नव्हतं. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तो १९३३ मध्ये.

त्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या. त्याचं एक कारण अभ्यासक सांगतात, ते आपल्याला सांगावंही लागत नाही. घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी बाई बसत होती. तिला स्वतःला ताप आला तरी चूल पेटवायची तीच होती. रोगाचा संसर्ग तिला जास्त, पोटाला अन्न कमी आणि विसावा नाहीच. तिचा रक्तगट कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तरी तिची पाळी काही चुकली नसती.

लगेच पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, रक्तगटांची पहिली मोठी मोजणी प्रसिद्ध झाली. ती केली लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या पोलिश डॉक्टर नवराबायकोनं. युद्धात ग्रीसमधल्या सालोनिका शहरी अनेक देशांचं सैन्य जमलं होतं. त्यात आपले हिंदी सैनिकही होते. या दोघांनी आठ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासलं. युरोपातल्या लोकांत ए गट जास्त निघाला, हिंदी सैनिकांत बी. म्हणजे गटांचं प्रमाण मुलखामुलखात बदलतं. म्हणूनच परदेशातला एखादा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल, असं नसतं.

आपल्या महाराष्ट्राचंही या इतिहासात नाव आहे. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार दुर्मीळ गट शोधला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो, पण त्या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. जगभर त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. मुंबईत साधारण दहा हजारांत एखादाच असा सापडतो.

मग श्वासाच्या रोगाशी गटाचा संबंध कधी जोडला गेला? २००३ मध्ये हाँगकाँगला सार्सची साथ आली. तिथल्या एका रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ओ गटाच्या लोकांना लागण कमी झालेली दिसली. पुढं २०२० मध्ये चीनच्या वुहानमधून तसंच कळलं. त्याच वर्षी इटली आणि स्पेनमधल्या १,६१० अत्यवस्थ रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास आला. त्यात ए गटाला गंभीर आजाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट आणि ओ गटाला सुमारे दोन तृतीयांश दिसला. आपल्या मोबाइलवर आली ती या अभ्यासांची सावली होती.

असं का व्हावं? एक अंदाज असा आहे. ए गटाच्या माणसाच्या शरीरात वाढलेला विषाणू बाहेर पडताना ए ची साखर अंगावर घेऊन निघतो. तो ओ गटाच्या माणसात शिरला, तर मघाचे पहारेकरी त्याला ओळखतात आणि थोडा अडवतात. दुसरी गोष्ट रक्त गोठण्याची. ओ गटात रक्त गोठवणारे काही घटक मुळात कमी असतात, आणि करोनात गुठळ्याच घातक ठरत होत्या.

पण सगळे अभ्यास एका सुरात बोलले नाहीत. अमेरिकेत २०२१ मध्ये एक लाखाहून जास्त लोकांची नोंद पाहिली, तिथं गटाचा काहीच संबंध आढळला नाही. आणि ओ गट सगळ्याच रोगांत भाग्यवान असतो असंही नाही. गंभीर मलेरियात तो थोडा सावरतो, पण पटकी झाली तर ओ गटालाच जास्त त्रास होतो.

आता आपल्या देशातला अभ्यास. नागपूरची नीरी ज्या परिषदेची आहे, त्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं देशभरातल्या आपल्या प्रयोगशाळांतले कर्मचारी आणि त्यांचे घरचे लोक, असे १०,४२७ जण तपासले. सुमारे दहा टक्क्यांना लागण होऊन गेली होती. ओ गटात ती कमी दिसली, बी आणि एबी गटांत जास्त. वर्तमानपत्रांनी एवढंच मोठं छापलं. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती. बसनं, गाडीनं सगळ्यांबरोबर प्रवास करणारे, फाटकावर पहारा देणारे आणि साफसफाई करणारे, यांना लागण जास्त झाली होती.

मैत्रिणींनो, इथं थांबून विचार करा. १९१८ मध्ये आजाऱ्याच्या उशाशी बसणारी बाई आणि शंभर वर्षांनी झाडू घेऊन कामावर जाणारी बाई, दोघींचा धोका एकाच ठिकाणाहून आला: कामच असं की दूर राहता येत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्या शहरात साथ आधी भडकली ती सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्यासारख्या दाट वस्त्यांत. तिथल्या लोकांचं रक्त वेगळं नव्हतं. घरं लहान होती, गल्ल्या अरुंद होत्या.

त्या साथीत रक्तगट खरोखर कामाला आला तो वेगळ्याच ठिकाणी. जून २०२० मध्ये राज्य सरकारनं ‘प्लॅटिना’ नावाचा मोठा प्रयोग सुरू केला, त्याचं मुख्य केंद्र आपलं मेडिकल होतं. बऱ्या झालेल्या रुग्णांचा प्लाझ्मा आजाऱ्यांना द्यायचा. प्लाझ्मा देताना गट जुळवावाच लागतो. आपल्या शहरात बरे झालेले कितीतरी लोक कोणासाठी तरी रक्तपेढीत गेले. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर पडताळून पाहिलं, तेव्हा प्लाझ्मानं मृत्यू टळत नाहीत असं निघालं. मे २०२१ मध्ये तो उपचार सरकारी मार्गदर्शनातून वगळला गेला. देणाऱ्यांची माया खरी होती. औषध म्हणून ते खरं आहे का, हे तपासल्यावरच कळलं. मोबाइलवरच्या निरोपांनाही हीच कसोटी लावायला हवी.

लग्नाच्या बायोडेटात रक्तगटाचा रकाना असतो. त्या रकान्यावरून कोणी सून नाकारू नये, आणि तो वाचून कोणी मास्क काढून ठेवू नये किंवा लस चुकवू नये. ओ गटाची बाईही आजारी पडते, ए गटाची बाईही ठणठणीत राहते. गटामुळे पडणारा फरक असलाच तर थोडा आहे. बंद खोली, गर्दी आणि आजाऱ्याची एकटीनं केलेली सेवा, यांमुळे पडणारा फरक फार मोठा आहे, आणि तो आपल्याला कमी करता येतो. खिडकी उघडता येते. सेवेच्या पाळ्या घरातल्या पुरुषांनाही वाटून देता येतात. आजारी कामवालीला पगारासकट घरी राहा म्हणता येतं.

तरीही आपला गट माहीत असू द्या. बाळंतपणात रक्त लागलं तर तो हवा असतो. आईचा गट निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळासाठी वेळेवर इंजेक्शन घ्यावं लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. गट कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, आणि तब्येत चांगली असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तदान करा. रक्तगटाचा सर्वांत पक्का उपयोग लँडस्टायनर यांच्या काळापासून हाच आहे: एकीचं रक्त दुसरीला द्यायचं, आणि तिनं जगायचं.