थीम बदलली आणि पोस्ट गायब? वर्डप्रेसमध्ये थीम आणि प्लगइनचं असं जमवा

कराडला माझ्या मावशीचा पाककृतींचा वर्डप्रेस ब्लॉग आहे. गेल्या दिवाळीत तिने हौसेने थीम बदलली आणि अख्ख्या मसूरपासून शेंगदाण्याच्या पोळीपर्यंत ११० पाककृती गायब! "अरे, चार वर्षांचं लिहिलेलं गेलं रे," म्हणत तिचा रडवेला फोन आला. खरं तर एकही पाककृती पुसली गेली नव्हती. मग झालं काय होतं?

कुणाचं काम काय?

वर्डप्रेस २००३ साली आलं. प्लगइनची सोय २००४ च्या १.२ आवृत्तीत आली आणि आजच्या थीम २००५ च्या १.५ आवृत्तीपासून. दोन्ही वेगळ्या, कारण कामं वेगळी. साइट कशी दिसते ते थीम ठरवते. साइट काय करते ते प्लगइन. फॉर्म, बॅकअप, नवीन प्रकारच्या पोस्ट ही प्लगइनची कामं.

दोघं भेटतात कुठे?

आमच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि पुढे एकच प्रवाह होतो. वर्डप्रेसमध्ये अशा भेटीच्या ठरलेल्या जागांना 'हुक' म्हणतात. पान तयार होताना थीम त्या जागी थांबून विचारते, "इथे कुणाला काही घालायचंय का?" प्लगइन आपला कोड तिथे जोडतो. थीममध्ये ती जागाच ठेवली नसेल, तर प्लगइन चालू असूनही काहीच दिसत नाही.

बिनसतं कशामुळे?

• वर्डप्रेससोबत जेक्वेरी आधीच येते. थीमने स्वतःची वेगळी प्रत लोड केली की स्लायडर किंवा मेनू बंद पडतात.
• आधी प्लगइन लोड होतात, मग थीमची फंक्शन फाइल. दोन्हीकडे एकाच नावाचं फंक्शन असेल तर साइटच बंद पडते.
• थीम प्लगइनचं काम स्वतःच करते. मावशीच्या बाबतीत हेच झालं होतं.

दोषी कसा शोधायचा?

१. आधी पूर्ण बॅकअप घ्या. हे टाळू नका.

२. 'हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग' हा प्लगइन टाका. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये फक्त तुम्हाला साधी थीम आणि बंद प्लगइन दिसतात. वाचकांना साइट नेहमीसारखीच दिसते.

३. आता अर्धे प्लगइन चालू करा. बिघाड दिसला तर दोषी याच अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. पुन्हा अर्धे करा. दोषी एकच असेल, तर १६ प्लगइनमधून तो ४ फेऱ्यांत सापडतो. सगळे चालू करूनही बिघाड नसेल, तर तुमची थीम तपासा.

४. साइट उघडतच नसेल तर अ‍ॅडमिनचा ईमेल बघा. ५.२ आवृत्तीपासून (२०१९) वर्डप्रेस रिकव्हरी मोडची लिंक पाठवतं. ईमेल आला नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला आणि डॅशबोर्डमध्ये प्लगइनचं पान उघडा. सगळे बंद होतील. मग नाव पूर्ववत करून एकेक चालू करा. हे सगळं मोबाइलवरूनही जमतं.

मावशीच्या पाककृती कुठे होत्या?

डेटाबेसमध्येच! 'पाककृती' हा पोस्टचा प्रकार जुन्या थीमने तयार केला होता. थीम गेली, तसा वर्डप्रेसला तो प्रकार ओळखू येईना. मी त्याच सांकेतिक नावाने तो प्रकार एका छोट्या प्लगइनमध्ये नोंदवला, मग पर्मालिंकच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त सेव्ह दाबलं. सगळ्या ११० पाककृती जुन्याच पत्त्यांवर परत आल्या.

म्हणून नवीन थीम निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या ही थीम काढली तर माझं काय जाईल? "फक्त रूप" असं उत्तर आलं तर बिनधास्त घ्या. लिखाण, फोटो गॅलरी किंवा फॉर्म जाणार असतील, तर ते काम आधी प्लगइनकडे द्या. थीमच्या कोडमध्ये बदल करायचे असतील तर चाइल्ड थीममध्ये करा, नाही तर पुढच्या अपडेटला ते पुसले जातील.

मावशीने परवा पुन्हा थीम बदलली. या वेळी फोन आला, पण तो फराळाला बोलवायला!