शाळेची पायवाट

पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले; म्हणून त्यांस ‘नव्या काबिजादी’ म्हणत. त्या राजवटीत खेड्यांतून शाळा विरळाच. मराठी शिकू पाहणारी पोरे बांधाबांधाने दूरवर चालत जात. जागतिक आरोग्य संघटना आज मुलांस रोज सरासरी ६० मिनिटांची अंगमेहनत सांगते. ती त्या वाटेवर आपसूक घडे. (पावसाळ्यातील हाल मात्र विसरू नयेत!) १९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकरांनी गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या. शाळा पायी जाण्याच्या टप्प्यात आली. पुढे डिचोलीकडे खनिजाचे ट्रक वाढले आणि पोर एकटे धाडण्यास आई धजेना. तिला दोष कसा द्यावा? आता अनेक मुले ‘बालरथ’ बसने जातात. चालण्याची भरपाई खेळाच्या तासाकडे आली आहे.