गटात कोण गप्प बसलं होतं?

आजची गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये, नोव्हेंबर १९४१ मध्ये. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन बायकोसोबत पॉल लाझर्सफेल्ड यांच्याकडे जेवायला गेले. पण ऐनवेळी सरकारी काम निघालं, आणि यजमान पाहुण्याला घेऊन थेट रेडिओ स्टुडिओत!

तिथे काही श्रोते एक कार्यक्रम ऐकत होते. आवडलं की हिरवं बटण दाबायचं, नाही आवडलं की लाल. मग एकजण सगळ्यांना एकत्रच 'का?' विचारायचा. मर्टनना खटकलं, की हा नकळत उत्तरं सुचवतोय. त्यांनी चिठ्ठीवर तसं लिहून कळवलं. लाझर्सफेल्डनी काय करावं? पुढचा गट त्यांच्याच हाती दिला! त्यातून 'फोकस्ड इंटरव्ह्यू' ही पद्धत घडली. १९४६ मध्ये मर्टन आणि पॅट्रिशिया केंडल यांनी त्यावर लेख लिहिला.

गटाचा फायदा काय? बटणातून 'काय' कळतं, बोलण्यातून 'का'. एकाला काही आठवलं की दुसऱ्यालाही आठवतं. मतभेद तर समोरच दिसतात.

आणि तोटा? कॉलेजात असताना मी एका गावात पाणीपुरवठ्यावर गटचर्चा घेतली. पारावर पंधरा-वीस जण जमले. दोघं-तिघं बोलले, "पाण्याचा काय बी तरास नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी वहीत लिहिलं, 'एकमत'. निघताना कडेला बसलेल्या एक आजी हळूच म्हणाल्या, "बाळा, नळ कुणाच्या आळीत हाय, ते इचारलंस का?"

नाही विचारलं. नळ बोलणाऱ्यांच्या आळीत होता. आजींच्या वस्तीवरच्या बायका रोज तिथवर हंडे घेऊन येत. चारचौघांत हे बोलणार कोण? माझा अहवाल तसाच गेला असता, तर त्या वस्तीचा प्रश्न कागदावर उरलाच नसता.

मर्टननी १९८७ मध्ये पुन्हा या विषयावर लिहिलं. गटातून मिळतात त्या नव्या कल्पना. त्या खऱ्या किती, हे पुढे वेगळं तपासावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेलो, बायकांशी वेगळं बोललो, आणि 'एकमत' खोडलं.

तुम्ही प्रोजेक्टसाठी गटचर्चा घेणार असाल, तर कोण बोललं याच्याबरोबर कोण गप्प बसलं, तेही लिहून ठेवा. मग त्यांना एकटं गाठा. भेटू पुढच्या भागात!