मूळ प्रत कोणाच्या हाती?



नव्या संगणकावर दुसरी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसवावयाची झाली, तर आधी कारखान्यातून आलेल्या डिस्कची संपूर्ण नक्कल काढून ठेवावी, असे जाणते लोक सांगतात. सल्ला साधा आहे. पण तो देण्याची पाळी का आली, हे पाहू गेल्यास चाळीस वर्षांचा इतिहास उलगडतो.

आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. डॉस ही प्रणाली वेगळ्या फ्लॉपीवर मिळे. तिची नक्कल करावी, मूळ फ्लॉपी कपाटात ठेवावी आणि नकलेवर काम करावे, असा रिवाज होता. त्यासाठी 'डिस्ककॉपी' नावाची आज्ञाच डॉसमध्ये होती. १९८३ च्या 'एक्सटी' यंत्रात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क आली. प्रणाली यंत्राच्या पोटात गेली, तरी मूळ फ्लॉप्या मालकापाशीच राहिल्या. डिस्क पुसली गेली, तरी बियाणे शाबूत होते.

डिस्क पुसली जाणे किती सोपे असते, याचा दाखला हेलसिंकीचा आहे. लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या आरंभी नवे यंत्र घेतले. त्यावर डॉस होते. त्याने मिनिक्स बसविले आणि स्वतःची प्रणाली लिहावयास घेतली. एकदा विद्यापीठाच्या संगणकाशी फोनने जोडणी करताना मोडेमऐवजी डिस्कलाच आज्ञा गेल्या आणि मिनिक्सचा भाग नष्ट झाला. त्याने मिनिक्स पुन्हा न बसविता आपल्या लिनक्सवरच विसंबण्याचे ठरविले. नुकसानीतून जगाचा लाभ झाला खरा. परंतु घरोघरी टॉरवल्ड्स जन्मत नाहीत!

२००० च्या सुमारास चित्र पालटले. अनेक उत्पादकांनी विंडोजची पूर्ण सीडी देणे सोडले. तिच्या जागी 'रिकव्हरी' सीडी आली. पुढे तीही जाऊन हार्ड डिस्कवरच एक झाकलेला विभाग राहू लागला. खर्च वाचला, चोरट्या नकलांनाही आळा बसावा हा हेतू होता. पण बियाणे आणि खाण्याचे धान्य एकाच कणगीत पडले. नवी प्रणाली बसविताना सारी डिस्क पुसली, की दोन्ही गेली.

कोणी म्हणेल, २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून परवान्याची किल्ली बहुधा यंत्राच्या फर्मवेअरमध्येच असते. मग भीती कसली? विंडोज पुन्हा मिळेल, हे खरे. परंतु उत्पादकाने त्या यंत्रासाठी घातलेले ड्रायव्हर, साधने आणि मांडणी, म्हणजे कारखान्यातून निघतानाची स्थिती, तशीच मिळेल याची हमी नाही. हमीच्या मुदतीत यंत्र दुरुस्तीला द्यावयाचे किंवा पुढे विकावयाचे झाले, की तिची किंमत कळते.

म्हणूनच केवळ फायली उतरवून भागत नाही. झाकलेल्या विभागांसह सबंध डिस्कची प्रतिमा घ्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये १९९६ च्या सुमारास तयार झालेल्या 'घोस्ट'ने हे काम सुलभ केले. आज तैवानमध्ये घडलेले 'क्लोनझिला' ते विनामूल्य करते. यूएसबीवरून ते चालवावे, प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर ठेवावी, आणि ती पडताळल्याखेरीज मूळ डिस्कला हात लावू नये. डिस्क सांकेतिक कुलपात असेल, तर त्याची किल्ली वेगळी लिहून ठेवावी.

१९८१ च्या ग्राहकापाशी मूळ प्रत आपोआप असे. आजच्या ग्राहकाला ती स्वतः करून घ्यावी लागते. आपल्या यंत्रावर हवी ती प्रणाली बसविणे हा मालकाचा हक्क आहे. परतीची वाट राखणे हेही त्या हक्कातच येते.