जनमत कौल, गोव्यातील (१९६७)

गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, ह्या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात घेण्यात आलेले सार्वमत. दमण व दीव येथे त्याच वेळी गुजरातमधील विलीनीकरणासंबंधी कौल घेण्यात आला. स्वतंत्र भारतात जुनागढ (१९४८) व सिक्कीम (१९७५) येथेही सार्वमत झाले. परंतु त्यांचा विषय भारतातील समावेश हा होता. संघराज्यात आधीच समाविष्ट झालेल्या प्रदेशाच्या दर्जाविषयी लोकांना थेट मत विचारले गेल्याचे गोवा, दमण व दीव हेच उदाहरण होय. ज्या नेत्याला लोक निवडणुकीत निवडून देतात, त्याच नेत्याचा प्रमुख आग्रह ते सार्वमतात नाकारू शकतात, हे ह्या कौलाने दाखवून दिले. त्यात वृत्तपत्रांचा वाटा मोठा होता.

पोर्तुगीज सत्तेतून १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेल्या गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. तीस जागांच्या सभागृहात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १४ व डॉ. जॅक डि सिक्वेरा ह्यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. ते स्वतः खाणमालक असले, तरी त्यांचा आधार कुळे, मुंडकार आणि बहुजन समाज हा होता. १९६४ च्या कूळकायद्याने तो अधिक दृढ झाला. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र असल्यामुळे मुंबई-पुण्याच्या राजकीय वर्तुळात ह्या विजयाचा अर्थ विलीनीकरणाला मिळालेली मान्यता असा लावण्यात आला. हा निष्कर्ष घाईचा होता. भाटकाराच्या वर्चस्वाविरुद्ध मत देणारा कूळ मुंबईहून चालणाऱ्या कारभारालाही मत देत होता, असे त्या आकड्यांवरून सिद्ध होत नव्हते.

सासष्टीतील ख्रिस्ती समाजात आणि उच्चवर्णीय हिंदूंच्या एका गटात बांदोडकर आरंभापासून अप्रिय होते. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आणलेल्या अधिकाऱ्यांमुळे शिकलेल्या तरुणांतही नाराजी पसरली; विलीनीकरणानंतर आपल्या वाट्याला काय येणार, ह्याची चुणूक त्यांना त्या नेमणुकांत दिसली. विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केल्यावर केवळ बहुमताच्या ठरावाने हा प्रश्न सोडवू नये, अशी मागणी पुढे आली. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर ह्यांनी दिल्लीत सार्वमताच्या बाजूने सतत प्रयत्न केले. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मताधिकार असावा, ही मागणी मात्र मान्य झाली नाही.

मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा, असा विरोधकांचा आग्रह होता. बांदोडकरांनी तो मानून ३ डिसेंबर १९६६ रोजी राजीनामा दिला व राष्ट्रपती राजवट लागू झाली. ह्या निर्णयाचा परिणाम दुहेरी झाला. सरकारी यंत्रणेवरील संशय दूर झाला आणि मतपत्रिकेवरून बांदोडकरही जणू दूर झाले. तेथे महाराष्ट्रवादी गोमंतकाचा सिंह नव्हता. विलीनीकरणासाठी फूल व केंद्रशासित प्रदेशासाठी दोन पाने अशी नवी चिन्हे होती. भाऊसाहेबांवर निष्ठा असलेल्या मतदाराला आता त्यांच्याविरुद्ध मत न देताही दोन पानांवर शिक्का मारणे शक्य झाले. शिवाय विलीनीकरणानंतर गोवा हा एक जिल्हा होऊन त्याला स्वतःची विधानसभा व मुख्यमंत्री उरणार नव्हते. बांदोडकरांचे पद टिकायचे, तर बांदोडकरांची मागणी फेटाळली जाणे आवश्यक होते, हा ह्या प्रकरणातील विलक्षण पेच होय.

वृत्तपत्रांची भूमिका समजण्यासाठी गोव्यातील वाचनाची भाषा लक्षात घ्यावी लागते. हिंदू समाज घरी कोकणी बोले. पण वाची व लिही मराठीत. ख्रिस्ती समाजातील साक्षर लोक रोमी लिपीतील कोकणी, पोर्तुगीज किंवा इंग्रजी वाचीत. चौगुले उद्योगसमूहाने १९६२ मध्ये पणजीहून सुरू केलेले गोमन्तक हे मराठी दैनिक विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. रोमी, पोर्तुगीज व इंग्रजी पत्रांतून विलीनीकरणाविरुद्ध कितीही लिहिले गेले, तरी ते मुख्यतः आधीच विरोधात असलेल्या वाचकांपुरतेच राहत होते. निर्णायक मते होती ती मराठी वाचणाऱ्या हिंदूंची. त्यांच्यापर्यंत विरोधी बाजू नेण्याचे काम मडगावच्या राष्ट्रमत ह्या दैनिकाने केले. चंद्रकांत केणी हे त्याचे संपादक होते. उदय भेंब्रे ह्यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यात येई आणि विलीनीकरणवाद्यांच्या युक्तिवादांचा धारदार भाषेत समाचार घेई. कोकणी अस्मितेचा कैवार मराठी दैनिकाने घ्यावा, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु कोकणीचे कैवारी वाचकाची भाषा ओळखून लिहीत होते आणि त्यांच्या यशाचे मर्म बरेचसे ह्यातच आहे.

राष्ट्रमतच्या प्रचारात संस्कृतीच्या प्रश्नाला जितके स्थान होते, तितकेच पोटापाण्याच्या प्रश्नालाही होते. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. गोव्यात माड व काजू ह्यांवर जगणारी हजारो कुटुंबे होती. सुरा काढणारा रेंदेर आणि गावोगावचे तावेर्न ह्यांना हा कायदा लागू झाल्यास काय होईल, हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. नोकऱ्या, जमीन आणि मुंबईपर्यंतचे अंतर हे मुद्देही असेच रोजच्या व्यवहारातले होते. साक्षरतेचे प्रमाण निम्म्याहून पुष्कळ कमी असल्यामुळे छापील मजकुराला गाण्यांची जोड मिळाली. कवी मनोहरराय सरदेसाई व गायक उल्हास बुयांव ह्यांच्या कोकणी गीतांनी गावोगावच्या सभा गाजल्या. विलीनीकरणवाद्यांच्या बाजूने महाराष्ट्रातील नेते व पत्रकार आले. त्यांचा भर भाषिक ऐक्यावर आणि कोकणी ही मराठीची बोली असल्याच्या प्रतिपादनावर होता. ह्या प्रतिपादनाने आधीच पटलेल्यांचा उत्साह वाढविला. कुंपणावर बसलेल्यांपैकी अनेकांना मात्र तो आपल्या घरच्या बोलीचा अधिक्षेप वाटला.

एकूण ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे सु. ८२ टक्के लोकांनी मतदान केले. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली; ७,२७२ मते अवैध ठरली. फरक ३४,०२१ मतांचा होता. पेडणे, डिचोली, सत्तरी ह्या भागांनी विलीनीकरणाला कौल दिला, तर सासष्टीने त्याविरुद्ध प्रचंड मतदान केले. ख्रिस्ती लोकसंख्या दोन-पंचमांशाहून कमी होती. वैध मतांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक मते मात्र दोन पानांना मिळाली. हा निकाल केवळ धर्माच्या गणिताने उलगडत नाही. हिंदू मतदारांतील लक्षणीय गट विलीनीकरणापासून दूर गेला, हे मान्य करावे लागते.

अवघ्या दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६ व युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. सार्वमत जिंकणारे राज्य करू शकले नाहीत व हरणाऱ्याने केले.

ह्याच्या उलट प्रकार दहा वर्षे आधी महाराष्ट्रात घडला होता. १९५७ च्या निवडणुकीत नाव निवडणुकीचे होते. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रातील मतदारांनी मात्र तिला संयुक्त महाराष्ट्रावरील सार्वमताचे रूप दिले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई हे १९५५-५६ च्या गोळीबारांमुळे तेथे कमालीचे अप्रिय झाले होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये ते केंद्रात गेले व यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. पण त्याच महिन्यात आचार्य अत्रे ह्यांचे मराठा हे दैनिक सुरू झाले आणि सत्तास्थान सोडून गेलेले मोरारजी त्याच्या रकान्यांत रोज हजर राहिले. संयुक्त महाराष्ट्र समितीने त्या पट्ट्यात मोठे यश मिळविले. मराठवाड्यात मात्र काँग्रेसचे वर्चस्व टिकले. मनमाड–काचीगुडा लोहमार्गावरील लासूर स्टेशन (गंगापूर तालुका, तत्कालीन औरंगाबाद जिल्हा) हे बाजारगाव घेतले, तर ते ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. ते मुंबई राज्यात आले, त्याच दिवशी चव्हाण मुख्यमंत्री झाले. मोरारजींचा कारभार त्या गावाने अनुभवलाच नव्हता. संयुक्त महाराष्ट्राचा पुरस्कार करणारे अनंत भालेराव संपादित मराठवाडा हे औरंगाबादचे पत्र तेव्हा दैनिक नव्हते. शिवाय द्वैभाषिक राज्यामुळे मराठवाडा इतर मराठी भाषकांशी जोडला गेला होताच. त्यामुळे तेथील असंतोषाला पश्चिम महाराष्ट्रातील धार आली नाही. वृत्तपत्र नेत्याविषयीचा रोष धारदार करू शकते. अनुभव नसेल तेथे तो निर्माण करणे त्याला अवघड जाते.

फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गोल ह्यांनी एप्रिल १९६९ मधील सार्वमताला आपले पद जोडले. प्रश्न सीनेट व प्रादेशिक प्रशासन ह्यांच्या सुधारणेचा होता. पुष्कळांनी मत दिले ते द गोल ह्यांच्यासंबंधी. सु. ५२ टक्के मते विरुद्ध पडताच त्यांनी पद सोडले. बांदोडकरांनी पद आधी सोडले आणि कौलानंतर ते परत मिळविले.

कौलानंतर विलीनीकरणाची मागणी हळूहळू मागे पडली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने नाव मात्र बदलले नाही. भाषेचा वाद पुढे वीस वर्षे चालू राहिला. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली व शासकीय कामकाजात मराठीच्या वापरासही मुभा देण्यात आली. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला. दमण व दीव हा वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला.