गेम प्रोग्रॅमिंगचे शिक्षण आणि जुने पाठ्यग्रंथ

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे १९८३ मध्ये प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले व तंत्रशिक्षण खेड्याच्या दारी आले. पुढील दशकांत महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थ्यांनी पडद्यावर आकृती हलविण्याचे, म्हणजेच संगणकीय खेळ रचण्याचे पहिले धडे ‘टर्बो सी’च्या पुस्तकांवरून गिरविले. त्यातील ग्राफिक्स लायब्ररी डॉसकरिता, ६४० × ४८० बिंदू व १६ रंग एवढ्या मर्यादेत रचलेली होती. पुढे ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालेनासे झाले. पुस्तकातील बिनचूक उदाहरणही पडद्यावर उमटेना आणि नवशिक्यास दोष आपलाच वाटे. १९९२ च्या ‘ओपनजीएल’चीही गत निराळी नव्हे. तिच्या अनेक आज्ञा २००८ मध्ये त्याज्य ठरल्या. २०१६ मध्ये ‘वल्कन’ आले. तथापि जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये योजिलेली, केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीने रेषा आखण्याची रीत आजही शिकण्याजोगी आहे. सारांश, जुन्या ग्रंथात नाशवंत आज्ञा व टिकाऊ तत्त्व एकाच पानावर असतात. त्यांतील भेद दाखविणारा शिक्षक नसल्यास खेड्यातील विद्यार्थ्याचे श्रम आज्ञांतच खर्ची पडतात व तत्त्व हाती लागत नाही.