मक्केचा दरवाजा : सुरतेतला अर्धा दिवस

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला सुरत म्हटले की एकच शब्द आठवतो : लूट. चौथीच्या इतिहासात आपण ती शिकतो, परीक्षेत लिहितो आणि सुरत तिथेच संपते. तिथे तेव्हा कोण राहत होते, ते शहर इतके श्रीमंत कशामुळे झाले, तिथली जहाजे कुठे जात, हे प्रश्न मनात येत नाहीत.

आमच्यासारख्या घरांत मात्र सुरतेचे नाव दुसऱ्याही संदर्भात निघायचे. जुनी माणसे सांगत की मुंबईच्या आधी हिंदुस्थानातले हाजी सुरतेहून जहाजात बसत, म्हणून त्या शहराला 'बाबुल मक्का' म्हणजे मक्केचा दरवाजा म्हणायचे. मुघल काळात तिला 'बंदर-ए-मुबारक' असेही नाव होते. शाळेतली सुरत आणि घरातली सुरत या जणू दोन वेगळ्या गावांच्या गोष्टी होत्या.

त्या दोन्ही एकाच जागी उभे राहून पाहाव्यात म्हणून गेल्या हिवाळ्यात सुरतेत अर्ध्या दिवसासाठी एक गाइड ठरवला. सोबत पन्नास माणसांचा घोळका नको होता. एकटे असले की हवे तिथे थांबता येते, हवे ते विचारता येते. हे गाइड साठीच्या आसपासचे, जन्माने सुरती, गुजराती वळणाची हिंदी बोलणारे. मी महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "मग तर भाई, तुमच्याकडे आमचा जुना हिशोब बाकी आहे!" मग नाव विचारले. मी सांगितले. ते क्षणभर थांबले. लूट करणाऱ्यांत मला धरायचे की लुटल्या गेलेल्यांत, असा पेच त्यांना पडला असावा. मराठी मुसलमानाला हा पेच नवा नाही. मी म्हटले, "दोन्हीकडचा धरा आणि दोन्ही गोष्टी सांगा."

किल्ला आणि समुद्राचा परवाना

सुरुवात चौक बाजारातल्या किल्ल्यापासून झाली. तापीच्या काठावरचा हा किल्ला आकाराने लहान आहे. महापालिकेने आता त्याची डागडुजी करून आत संग्रहालय केले आहे. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या डोळ्यांना तो किल्ला वाटतच नाही, मोठा वाडा वाटतो. पण त्याचे काम वेगळे होते. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी सुरत आणि पलीकडच्या काठावरचे रांदेर जाळले. त्यानंतर गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या काळात खुदावंद खानाने हा किल्ला बांधला. १५४६ च्या सुमारास तो पुरा झाला. म्हणजे सुरतेवर पहिला घाव समुद्राकडून पडला, तोही मराठ्यांच्या शंभर वर्षांहून आधी.

अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतली आणि मुघलांना हजचा समुद्रमार्ग मिळाला. पण समुद्र त्यांचा नव्हता. अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा परवाना लागे. त्याला 'कार्ताझ' म्हणत. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७५ मध्ये फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली. बादशहाची आत्या, पण या परवान्यासाठी तिला सुरतेत मुक्काम करून वाट पाहावी लागली. १५७६ मध्ये तिचे जहाज सुटले आणि ती परतली १५८२ मध्ये. या परवान्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रे असत. मखदूम-उल-मुल्क या दरबारी आलिमाने तर त्याचा आधार घेऊन हज फर्जच उरला नाही असे सांगून टाकले होते! लोकांनी ते मनावर घेतले नाही. चित्राचा कागद खिशात घालून ते मक्केला जात राहिले.

गाइडना मी विचारले की बादशहाने स्वतःचे आरमार का उभारले नाही? ते तापीकडे बोट दाखवून म्हणाले, "दिल्लीहून समुद्र दिसत नाही, भाई." उत्तर अपुरे आहे, पण चुकीचे नाही. मुघलांकडे जहाजे होती, लढाऊ आरमार मात्र अरबी समुद्रात नव्हते. अकबराची बेगम आणि जहांगीरची आई मरियम-उज-जमानी हिचे 'रहीमी' हे मोठे जहाज पोर्तुगीजांनी १६१३ मध्ये पकडून नेले. जहांगीर संतापला, त्याने पोर्तुगीजांचा व्यापार अडवला. पण समुद्रात जाऊन ते जहाज सोडवून आणणे त्याच्या हातात नव्हते. आदल्याच वर्षी सुरतेजवळच्या सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवले होते. मग मुघलांनी इंग्रजांना वखारीची परवानगी दिली. एका फिरंग्याला दुसऱ्या फिरंग्याकडून आवरायचे, हे धोरण तेव्हापासून चालू झाले.

सराई, जिथे आता दाखले मिळतात

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर मुगलीसरा भाग आहे. तिथली मुघलसराई १६४४ मध्ये शाहजहानच्या काळात हकीकत खानाने बांधली. मोठा दरवाजा, मधे अंगण, भोवती खोल्या. हजला जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी इथे उतरत. पावसाळी वारे संपून जहाजे सुटेपर्यंत कित्येकांना आठवडेच्या आठवडे थांबावे लागे. त्याच वर्षी शाहजहानने सुरत बंदराचे उत्पन्न आपली मुलगी जहाँआरा हिच्या नावे केले. तिचे 'साहिबी' नावाचे स्वतःचे जहाज होते. पडद्यात राहणाऱ्या म्हणून ज्यांची कहाणी आपण संपवतो, त्या बेगमांची जहाजे याच बंदरातून लाल समुद्रात जात होती.

पुढे इथे तुरुंग झाला आणि १८६७ पासून ही इमारत सुरतेच्या पालिकेकडे आहे. आज ते महापालिकेचे मुख्य कार्यालय. दरवाजातून माणसे फायली घेऊन आत-बाहेर करत होती. गाइड म्हणाले, "इथे रोज हजारो लोक येतात, पण हजवाल्यांची जागा म्हणून पाहायला कुणी येत नाही." मला या वापराचे वाईट वाटले नाही. लोकांच्या कामासाठी बांधलेली वास्तू पावणेचारशे वर्षांनंतरही लोकांच्याच कामाची आहे. किती सराया पडल्या, नाहीतर खासगी झाल्या! फक्त ती कशासाठी बांधली होती, हे कामासाठी येणाऱ्याला कळायला हवे.

१६६४ : किल्ल्यात बसलेला सुभेदार

सराईबाहेर चहा घेताना मी मूळ विषयावर आलो. गाइड आधी जपून बोलले. मी पुस्तकातले सांगू लागलो तसे तेही मोकळे झाले.

शाइस्ताखान पुण्यात तळ ठोकून होता आणि स्वराज्याचा मुलूख उद्ध्वस्त झाला होता. त्याची भरपाई मुघलांच्या सर्वांत श्रीमंत शहरातून करायची, या हिशोबाने शिवाजी महाराज ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेबाहेर आले. बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर छावणी पडली. सुभेदार इनायत खान आणि शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांनी येऊन खंडणी ठरवावी, असा निरोप आधीच गेला होता. त्या व्यापाऱ्यांत विरजी व्होरा होता आणि हाजी सैद बेगही. एक जैन, एक मुसलमान. खंडणीची यादी करताना धर्म नव्हे, तिजोरी पाहिली गेली. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो की कपुचिन पाद्री अँब्रोज यांच्या घराला महाराजांनी हात लावू दिला नाही. डचांच्या एका दिवंगत दलालाचे घरही वगळले गेले, कारण तो दानशूर म्हणून ख्यात होता.

पण व्यापाऱ्यांच्या घरांत जे घडले ते हलके करून सांगण्यात अर्थ नाही. चार दिवस शहर जळत होते. ज्यांची घरे गेली त्यांच्यासाठी ती लूटच होती. त्यांच्या बाजूने विचारायचा प्रश्न असा, की त्यांचे रक्षण करायचे काम कुणाचे होते? शहराला तेव्हा पक्का कोट नव्हता. सुभेदार इनायत खान पहिल्याच दिवशी किल्ल्यात जाऊन बसला. तिथून सुटलेल्या तोफांच्या गोळ्यांनी शहरातल्या घरांचेही नुकसान केले. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी सांभाळून राहिले. बोलणी करायला म्हणून पाठवलेल्या सुभेदाराच्या माणसाने महाराजांवर खंजीर उगारला, तोही डाव फसला. मराठे निघून गेल्यावर इनायत खान बाहेर आला, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली, त्याच्यावर चिखल फेकला. चिडलेल्या त्याच्या मुलाने एका निरपराध हिंदू व्यापाऱ्याला गोळी घालून ठार केले.

एक गोष्ट तर आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. त्याच्या सहा-सात वर्षे आधी, १६५७ मध्ये, तख्तासाठी लढाई सुरू होताच शाहजादा मुरादबख्श याच्या फौजेने सुरतेचा किल्ला घेतला आणि इथल्याच व्यापाऱ्यांकडून सक्तीचे 'कर्ज' उकळले. ते देणाऱ्यांत विरजी व्होरा होताच. शत्रू येतो तेव्हा राज्यकर्ता किल्ल्यात लपतो आणि राज्यकर्त्याला गरज पडते तेव्हा तोच हात पसरतो. सुरतेच्या सावकाराने दोन्ही पाहिले होते.

महाराजांनी मात्र त्याच वर्षी, नोव्हेंबर १६६४ मध्ये, सिंधुदुर्ग बांधायला घेतला. या आरमारात दौलत खानासारखे मुसलमान सरदार होते. डोंगरातल्या राजाला समुद्र कळला आणि हाजींना जहाजे देणाऱ्या बादशहाला तो कळला नाही. माझ्या मते सुरतेच्या गोष्टीतला खरा धडा हाच आहे.

घुमटाखालचे इंग्रज

गाडी कतारगाम दरवाजाकडे गेली. तिथे इंग्रजांचे जुने कब्रस्तान आहे. १६६४ मध्ये वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला, त्याचा भाऊ ख्रिस्तोफर त्याच्या दहा वर्षे आधी. दोघे एकाच इमारतीत पुरले आहेत आणि ती इमारत थेट मुघल मकबऱ्याच्या वळणाची आहे : कमानी, खांब, वर घुमट. डचांच्या कब्रस्तानात हेंड्रिक व्हान रीड आहे. मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करणारा हा माणूस १६९१ मध्ये गेला. मरणानंतरही इथल्या अमीरासारखे दिसावे, असे या लोकांना वाटत होते. सुरतेत तेव्हा प्रतिष्ठा कशात मोजली जाई, ते या घुमटांवरून कळते.

पण चार वर्षांतच दिवस फिरले. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने आधी सुरतेचा जहाजमालक मुल्ला अब्दुल गफूर याचे जहाज आणि मग हाजींना घेऊन परतणारे औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' लुटले. बायकांवर अत्याचार झाले. इतिहासकार खाफी खानाने ही हकीकत नोंदवली आहे. सुरतेत लोक खवळले, इंग्रज वखारवाले कैदेत पडले. शेवटी तोडगा काय निघाला? हाजींच्या आणि व्यापाराच्या जहाजांना संरक्षण देण्याची हमी युरोपीय कंपन्यांकडूनच घेण्यात आली. पहाऱ्याचे काम ज्याच्याकडे गेले त्याच्याकडे हळूहळू घरही जाते. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला, १८०० मध्ये शहराचा कारभारही.

नदीपलीकडे

शेवटचा टप्पा रांदेर. पूल ओलांडला की सुरतेपेक्षाही जुने बंदर. इथल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशात पेढ्या काढल्या. तिथल्या सागवानाने घरे सजवली आणि रंगूनला सुरती जामा मशीद उभी केली. त्या नात्याची खूण म्हणून रांदेरच्या खाण्यात अजून खाउसे आहे. आम्ही दोघांनी ते खाल्ले. गाइड शाकाहारी, त्यांच्यासाठी वेगळे केले. 'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही म्हण त्यांनी तिथेच ऐकवली.

सुरत नेमकी कशाने मागे पडली, यावर त्यांचे उत्तर तयार होते : तापीचा गाळ, १८३७ ची आग आणि मुंबई. इतिहासकार अशीन दासगुप्ता यांनी यामागचे मोठे कारण दाखवले आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मुघल, इराणचे सफवी आणि तुर्कांचे उस्मानी, अशी तिन्ही राज्ये डळमळली आणि सुरतेचा व्यापार ज्या वाटांवर उभा होता त्या वाटाच असुरक्षित झाल्या.

माणसे आणि पैसा मुंबईला गेला. हजही मुंबईला आला. हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना उभा राहिला, हाजींना नेणाऱ्या आगबोटींच्या कंपनीचे नाव पुढे 'मोगल लाइन' पडले. १९९५ पर्यंत समुद्रमार्गे हज चालू होता. बोटीवरचे शिजवलेले अन्न, उलट्या, दुआ आणि जेद्दाहचा किनारा यांच्या आठवणी सांगणारे बुजुर्ग कोकणात आणि मुंबईत अजून भेटतील. त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या पाहिजेत, कारण सुरतेच्या सराईत उतरलेल्या सामान्य हाजींच्या आठवणी फारशा कुणी लिहिल्या नाहीत. उरल्या त्या बेगमांच्या, बादशहांच्या आणि वखारवाल्यांच्या.

महाराष्ट्रातून लग्नाच्या साड्या घ्यायला लोक सुरतेला जातातच. खरेदीतून अर्धा दिवस काढावा, तिथलाच एखादा जाणता माणूस सोबत घ्यावा. १६६४ ची गोष्ट त्याच्याकडून ऐकावी आणि आपलीही त्याला सांगावी. तो मुगलीसऱ्याच्या दरवाजाशी नेईलच. तिथे, रांगेत उभ्या असलेल्या माणसांना धक्का न लावता, वर पाहून घ्यावे : या दरवाजातून माणसे मक्केला गेली आहेत.